विश्रांती हाही व्यायामाचाच भाग

नव्या वर्षाचा संकल्प असो, डॉक्टरांनी दिलेला इशारा असो किंवा जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनचे वेध असोत, शहरी माणूस एकदा व्यायामाला लागला की सहसा एकच निश्चय करतो. तो म्हणजे रोज, न चुकता, एकही खाडा न करता व्यायाम करायचा. पहिले दोन-तीन आठवडे हा नेम उत्साहाने पाळला जातो. मग गुडघा कुरकुरू लागतो, खांदा धरतो, सकाळी उठवत नाही, आणि एक दिवस व्यायाम सुटतो तो कायमचाच. अशा वेळी दोष आळसाला दिला जातो. वस्तुत: अनेकदा आळसापेक्षा आखणीतील एक उणीव याला कारणीभूत असते. त्या वेळापत्रकात विश्रांतीला जागाच ठेवलेली नसते.

विश्रांतीचा दिवस म्हणजे वाया गेलेला दिवस, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. घाम गाळण्याला प्रतिष्ठा आहे; स्वस्थ बसण्याला नाही. क्रीडाविज्ञान मात्र गेली अनेक दशके वेगळेच सांगत आहे. व्यायामामुळे शरीराला बळकट होण्याची केवळ सूचना मिळते. प्रत्यक्ष बळकटी येते ती त्यानंतरच्या विसाव्यात.

ताण आणि जुळवून घेणे

या विचाराचा पाया हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाच्या कामात सापडतो. माँट्रियल येथे काम करणाऱ्या सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, इजा, विषारी द्रव्य, अतिश्रम असा कोणताही ताण दिला तरी प्राण्यांचे शरीर ठरावीक तीन टप्प्यांतून जाते, असे त्यांना आढळले होते. प्रथम धोक्याची जाणीव, मग प्रतिकार आणि ताण थांबलाच नाही तर अखेरीस थकून कोसळणे, असे हे टप्पे होत. सेल्ये यांचे प्रयोग व्यायामाविषयी नव्हते. परंतु पुढे प्रशिक्षकांनी हे सूत्र उचलले. व्यायाम हाही एक ताणच आहे. तो योग्य प्रमाणात देऊन थांबले तर शरीर प्रतिकाराच्या टप्प्यावर अधिक सक्षम होते. न थांबता देत राहिले तर तिसरा टप्पा गाठला जातो.

सोव्हिएत जीवरसायनशास्त्रज्ञ निकोलाय याकोव्हलेव्ह यांच्या संशोधनातून याच विचाराला अधिक नेमके रूप मिळाले. व्यायामानंतर शरीराची क्षमता आधी घटते, विश्रांतीत ती पूर्वपदावर येते आणि त्यानंतर काही काळ ती मूळ पातळीच्याही किंचित वर जाते. या अवस्थेला ‘सुपरकॉम्पेन्सेशन’ असे म्हणतात. मराठीत त्याला ‘भरपाईहून अधिक भरणा’ म्हणता येईल. पुढचा व्यायाम या चढत्या अवस्थेत झाला तर प्रगती होते. क्षमता अजून खालीच असताना पुन्हा श्रम केले तर घसरण सुरू होते, आणि फार दिवस काहीच केले नाही तर मिळालेला लाभ ओसरून जातो. शरीरातील प्रत्येक घटकाचा हा आलेख वेगळ्या वेगाने चढतो-उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष चित्र या साध्या रेषेपेक्षा गुंतागुंतीचे असते. पण मूळ तत्त्व तेच राहते.

स्नायूंच्या आत काय घडते?

सिंहगड प्रथमच चढून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिना उतरणे अवघड होते. मांड्या दुखतात, आणि तिसऱ्या दिवशी कधी कधी अधिकच दुखतात. या दुखण्याचे खापर दीर्घकाळ ‘लॅक्टिक आम्ला’वर फोडले गेले, आणि आजही अनेक व्यायामशाळांतून हेच सांगितले जाते. प्रत्यक्षात श्रमाच्या वेळी वाढलेले लॅक्टिक आम्ल विश्रांतीनंतर साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते. दोन दिवसांनी होणाऱ्या वेदनेशी त्याचा संबंध नाही. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना सपाट पट्ट्यावर, तर काहींना उतारावर धावण्यास सांगण्यात आले. सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढले, पण त्यांचे स्नायू दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांचे आम्ल विशेष वाढले नाही, तरी स्नायू मात्र चांगलेच दुखले.

याचे कारण स्नायूंच्या कामाच्या पद्धतीत आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो. अशा ताणाखालील कामात स्नायुतंतूंच्या सूक्ष्म रचनेला बारीक इजा होते. त्यानंतर दाह, सूज आणि दुरुस्ती असा क्रम सुरू होतो. वेदना सामान्यत: २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते. म्हणजेच गड चढण्याने दम लागतो, पण मांड्या धरतात त्या मुख्यत: गड उतरण्याने. तोच गड काही दिवसांनी पुन्हा केला तर वेदना पुष्कळ कमी होते. कारण मधल्या काळात स्नायूने स्वत:ची डागडुजी करताना पुढच्या भाराचीही तयारी केलेली असते.

ही तयारी किती काळ चालते, याचेही मोजमाप झालेले आहे. वजने उचलण्याच्या व्यायामानंतर स्नायूंमध्ये नवी प्रथिने तयार होण्याचा वेग वाढतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्यायामाची सवय नसलेल्या व्यक्तींमध्ये हा वेग तीन तासांनी नेहमीपेक्षा ११२ टक्क्यांनी, २४ तासांनी ६५ टक्क्यांनी आणि ४८ तासांनीही ३४ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. व्यायामशाळेत घालवलेला एक तास संपल्यावर पुढील दोन दिवस बांधकाम सुरूच असते, असा याचा अर्थ. ‘एकाच स्नायुगटाला पुन्हा भार देण्यापूर्वी सुमारे ४८ तास जाऊ द्यावेत’ हा प्रशिक्षकांचा नियम याच्याशी सुसंगत आहे.

दुसरा प्रश्न इंधनाचा. स्नायूंमध्ये आणि यकृतात पिष्टमय पदार्थांपासून बनलेले ग्लायकोजेन साठवलेले असते. जोरकस श्रमात प्रामुख्याने हेच जळते. स्वीडनमधील योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन संशोधकांनी १९६६ साली स्वत:वरच एक प्रयोग केला. दोघांनी एकेका पायाने सायकल चालवून तो पाय पूर्ण थकवला. दुसरा पाय स्वस्थ ठेवला. नंतरचे तीन दिवस भरपूर पिष्टमय आहार घेतला आणि दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूंचे बारीक नमुने काढून तपासले. थकवलेल्या पायातील ग्लायकोजेन नुसते भरून आले नव्हते; स्वस्थ पायातील साठ्याच्या सुमारे दुप्पट झाले होते. श्रम, आहार आणि विश्रांती ही तिन्ही एकत्र आली तेव्हा हे घडले. यांपैकी एक जरी वगळले असते तरी तो परिणाम दिसला नसता.

हाडे आणि कंडरांची संथ गती

स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे ते तुलनेने लवकर सावरतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि स्वत: हाडे यांची गती मात्र संथ असते. श्रमानंतर कंडरेतील कोलॅजेन या प्रथिनाची निर्मितीही वाढते आणि झीजही वाढते. पहिल्या दिवस-दीड दिवसात झीज निर्मितीपेक्षा अधिक असते. त्यानंतर पारडे निर्मितीकडे झुकते. पहिल्याच टप्प्यात वारंवार नवा भार पडत राहिला तर झीज साचत जाते. टाचेमागची किंवा गुडघ्याखालची जुनाट दुखणी अनेकदा अशीच सुरू होतात.

हाडांचेही असेच आहे. भार पडला की हाडातील जुना भाग आधी काढून टाकला जातो आणि मग त्या जागी नवा भरला जातो. या दोन क्रियांच्या मधल्या काळात ती जागा काहीशी दुबळी असते. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने १८५५ साली लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले होते. क्ष-किरणांचा शोध अद्याप चार दशके दूर होता. पुढे क्ष-किरण आल्यावर या दुखण्यामागे पावलाच्या हाडांना गेलेली बारीक चीर असते, हे स्पष्ट झाले. पडझड नाही, मार नाही, केवळ पुन:पुन्हा पडणाऱ्या भाराने आलेला हा अस्थिभंग आज नव्याने धावू लागलेल्या नोकरदारांतही दिसतो. धाप लागणे काही आठवड्यांत कमी होते, स्नायूही साथ देऊ लागतात. त्यामुळे उत्साह वाढतो आणि अंतरही वाढते. हाडे मात्र अजून मागेच असतात.

क्रिकेटप्रेमींना हा प्रश्न वेगवान गोलंदाजांमुळे परिचित आहे. डेनिस लिली यांची कारकीर्द १९७३ साली पाठीच्या मणक्यातील अशाच चिरांमुळे धोक्यात आली होती. जसप्रीत बुमराह २०२२चा टी-२० विश्वचषक पाठीच्या दुखापतीमुळे खेळू शकला नाही. ऑस्ट्रेलियात २००० ते २००२ या दोन मोसमांत ९० वेगवान गोलंदाजांच्या कामाची नोंद ठेवण्यात आली. गोलंदाजीच्या दोन सत्रांमध्ये सरासरी तीन ते चार दिवसांचे अंतर असणाऱ्यांशी तुलना करता, दोन दिवसांहून कमी अंतर असणाऱ्यांत दुखापतीचा धोका दुपटीहून अधिक होता. लक्षणीय बाब अशी, की पाच किंवा त्याहून अधिक दिवसांचे अंतर असणाऱ्यांतही धोका वाढलेलाच होता. विश्रांती अपुरी असणे जसे वाईट, तसे शरीराची सवय मोडेल इतकी लांबणेही वाईट, हा त्यातील बोध आहे.

अतिरेकाची किंमत

विश्रांतीविना व्यायाम चालूच राहिला तर काय होते, याविषयी युरोपियन कॉलेज ऑफ स्पोर्ट सायन्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या दोन संस्थांनी २०१३ साली संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. त्यात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीत थकवा येतो, पण काही दिवसांच्या विसाव्यानंतर कामगिरी सुधारते. खेळाडू हेतुपुरस्सर या पायरीवर जातात. दुसरीत सावरायला आठवडे ते महिने लागतात आणि लाभ काहीच होत नाही. तिसरी पायरी म्हणजे ‘ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम’. यातून बाहेर पडण्यास अनेक महिने, प्रसंगी त्याहून अधिक काळ लागू शकतो. या अवस्थेचे निदान करणारी एकही खात्रीची रक्ततपासणी नाही. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, जंतुसंसर्ग अशी अन्य कारणे एकेक करून वगळावी लागतात. म्हणूनच लक्षणांकडे वेळीच लक्ष देणे अगत्याचे ठरते.

तोच व्यायाम करताना पूर्वीपेक्षा अधिक कष्ट पडणे, मेहनत वाढवूनही कामगिरी घसरणे, थकवा असूनही झोप न लागणे, चिडचिड, भूक मंदावणे, वारंवार सर्दी-खोकला होणे, व्यायामाविषयी नकोसेपणा वाटणे, ही त्यातील प्रमुख लक्षणे होत. सकाळी अंथरुणात असतानाच नाडीचे ठोके मोजण्याची सवय उपयुक्त ठरते. नेहमीपेक्षा ते काही दिवस सतत वेगळे आढळले तर शरीर सावरलेले नाही किंवा आजार डोके वर काढत आहे, असा संशय घ्यावा. मात्र हे एकटे लक्षण पुरेसे नसते. इतर लक्षणांशी त्याचा मेळ घालावा लागतो.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक खूण महत्त्वाची आहे. श्रम वाढले, आहार मात्र कमीच ठेवला, की शरीर काटकसर सुरू करते आणि मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. वजन उतरल्याच्या आनंदात याकडे दुर्लक्ष होते. परंतु त्याच सुमारास हाडांतील घनताही घटत असते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेविषयी सविस्तर निवेदन काढले आणि ती पुरुषांमध्येही आढळते, हे स्पष्ट केले.

क्वचित उद्भवणारा, पण गंभीर धोका म्हणजे स्नायूंचे मोठ्या प्रमाणावर विघटन होणे. दीर्घ खंडानंतर पहिल्याच दिवशी शेकडो उठाबशा काढणे, दुखत असतानाही दुसऱ्या दिवशी तेच करणे, उन्हाळ्यात पुरेसे पाणी न पिणे, यांमुळे ते घडू शकते. स्नायूंतून सुटलेले मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते. असह्य वेदना, सूज आणि काळ्या चहासारख्या रंगाची लघवी ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते. अशा वेळी वेदनाशामक गोळ्या मनानेच घेणे मूत्रपिंडांसाठी अधिक घातक ठरू शकते. तापात व्यायाम करणेही टाळावे. काही विषाणूसंसर्गांत हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्या काळातील जोरकस श्रम जिवावर बेतू शकतात.

परंपरेतील शहाणपण

विश्रांतीची ही जाणीव केवळ आधुनिक प्रयोगशाळांतून आलेली नाही. आयुर्वेदाने व्यायामाची महती गायली, तशी त्याची मर्यादाही घालून दिली. सुश्रुताने आणि वाग्भटाने निम्म्या शक्तीनेच व्यायाम करावा, असे सांगितले आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागणे, कपाळावर, नाकावर, काखेत घाम येणे, तोंडाला कोरड पडणे ही निम्मी शक्ती खर्च झाल्याची खूण मानली गेली. वाग्भटाने ऋतूंचाही विचार केला. थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने, तर एरवी त्याहूनही हलका व्यायाम असावा, असे त्याचे म्हणणे. अतिव्यायामाने तहान, क्षीणता, खोकला, ज्वर उद्भवतात, असे सांगून त्याने अतिसाहस करणाऱ्याला हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह बलवान खरा. पण त्या ओढाताणीत नाश त्याचाच होतो.

म्हैसूरचे योगगुरू के. पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग परंपरेत आसनांचा कठोर सराव आठवड्यातून सहा दिवस असतो. शनिवारी, तसेच पौर्णिमा आणि अमावास्येला सुटी पाळली जाते. महाराष्ट्राला अधिक जवळचे उदाहरण वारीचे आहे. आळंदीहून निघालेली संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात दोन रात्री विसावते. त्यानंतर दिवेघाटाची खडी चढण आणि वाटचालीतील एक मोठा टप्पा पार करून सासवडला पोहोचली की तेथे पुन्हा दोन रात्रींचा मुक्काम असतो. या मुक्कामांमागील हेतू धार्मिक आणि व्यवस्थेचा आहे. तरीही पंढरपूरपर्यंतची मोठी मजल मारणाऱ्या, अनेकदा वयाची साठी ओलांडलेल्या पावलांना तो विसावा नेमक्या जागी मिळतो.

खेळाच्या मैदानावरही याचे दाखले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर गाजलेला चेक धावपटू एमिल झाटोपेक अतोनात सरावासाठी प्रसिद्ध होता. १९५० साली ब्रुसेल्स येथील युरोपियन स्पर्धेपूर्वी सुमारे दोन आठवडे तो अन्नविषबाधेने रुग्णालयात पडून होता. सराव बुडाला, असे सर्वांनाच वाटले. प्रत्यक्षात त्याने पाच हजार आणि दहा हजार मीटर या दोन्ही शर्यती मोठ्या फरकाने जिंकल्या. आजारपणाने त्याला जी विश्रांती घ्यायला लावली, ती आज मोठ्या शर्यतीपूर्वी हेतुपुरस्सर दिली जाते. अनेक अभ्यासांच्या २००७ साली झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, शर्यतीआधी साधारण दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवणे आणि वेग मात्र कायम ठेवणे सर्वाधिक लाभदायक ठरते. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी ‘एक दिवस कठीण, एक दिवस सोपा’ हे तत्त्व आपल्या धावपटूंना काटेकोरपणे पाळायला लावले होते.

विश्रांती म्हणजे अंथरूण नव्हे

विश्रांतीचे समर्थन हे निष्क्रियतेचे समर्थन समजले जाऊ नये. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले. तेवढ्या काळात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीने झालेली हानी त्या तीन आठवड्यांच्या हानीपेक्षा कमी भरली! व्यायामातील विश्रांतीचा दिवस हा अशा पडून राहण्याचा दिवस नव्हे. सावकाश फेरफटका, हलके ताण देणारे व्यायाम, सौम्य आसने, घरातील कामे, बागकाम यांना त्या दिवशी मुळीच मज्जाव नसतो.

दुसऱ्या टोकाला, एका दिवसाच्या खाड्याने सारे काही गमावले जाईल ही भीतीही निराधार आहे. नियमित सराव असलेल्या व्यक्तींनी व्यायाम पूर्ण थांबवल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता २१ दिवसांत सात टक्क्यांनी घटल्याचे १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तीन आठवड्यांत सात टक्के, तर एका दिवसात कितीशी घट होणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनातही प्रौढांसाठी आठवड्याचा हिशोब दिलेला आहे. मध्यम स्वरूपाचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटे किंवा जोरकस व्यायाम ७५ ते १५० मिनिटे, आणि जोडीला किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम. ब्रिटनमधील सुमारे ९० हजार व्यक्तींच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आठवड्याचा बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांतच करणाऱ्यांमध्येही हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका नियमित व्यायाम करणाऱ्यांइतकाच कमी आढळला. नोकरी आणि लोकलचा प्रवास यांतून वेळ काढणाऱ्यांसाठी ही दिलाशाची बाब आहे.

एका मोठ्या वर्गाला मात्र येथे स्वतंत्र सूचना लागू पडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद सुधारतो. पण हा परिणाम साधारण एक ते तीन दिवसच टिकतो. म्हणून मधुमेहींनी सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. त्यांच्यासाठी विश्रांतीचा दिवस म्हणजे वजनांना सुटी देऊन जेवणानंतर शतपावली सुरू ठेवण्याचा दिवस.

आठवडा कसा आखावा?

किती विश्रांती हवी, याचे उत्तर व्यायामाच्या प्रकारावर आणि वयावर अवलंबून असते.

चालणारे : मध्यम गतीने अर्धा-पाऊण तास चालण्यासाठी वेगळ्या विश्रांतीच्या दिवसाची सहसा गरज नसते. सांधे दुखत असल्यास एखादा दिवस वेग आणि अंतर कमी करावे.

व्यायामशाळेत जाणारे नवशिके : आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, एकाआड एक, संपूर्ण शरीराचा व्यायाम पुरेसा असतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार ही सोपी विभागणी होय. मुरलेल्यांनी अधिक दिवस जायचे असेल तर पाय, छाती, पाठ अशी स्नायुगटांची वाटणी करावी. तरीही आठवड्यातून एक दिवस वजनांना हात लावू नये.

धावणारे : नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी सलग दोन दिवस धावणे टाळावे. लांब पल्ल्याच्या रविवारनंतरचा सोमवार विसाव्याचा ठेवावा. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा एकूण अंतर कमी करणे हितावह असते.

मुले : एकाच खेळाच्या शिबिरात सकाळ-संध्याकाळ अडकलेल्या मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्यांची हाडे वाढत असतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस संघटित खेळातून सुटी आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या विशिष्ट खेळापासून विराम द्यावा, अशी शिफारस केली आहे. त्या काळात मुलांनी दुसरे काही खेळावे. मात्र तेच खांदे, तीच कोपरे आणि तोच मणका पुन्हा त्याच भाराखाली जुंपू नये.

ज्येष्ठ नागरिक : वयानुसार सावरण्याचा वेग मंदावतो. व्यायाम सोडण्याचे हे कारण ठरू नये. दोन जोरकस सत्रांतील अंतर वाढवणे हा त्यावरील उपाय आहे. संतुलनाचे आणि लवचिकतेचे हलके व्यायाम मात्र रोज करता येतात.

विसाव्याच्या दिवसाची पथ्ये

या दिवसाचे पहिले पथ्य म्हणजे झोप. शरीरातील वाढीचे संप्रेरक रात्रीच्या सुरुवातीच्या गाढ झोपेत सर्वाधिक स्रवते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ११ बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहण्यास सांगण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांचा धावण्याचा वेग सुधारला आणि बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची अचूकता सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली. अभ्यास लहान असला तरी त्याची दिशा स्पष्ट आहे. रात्री बारा-एकपर्यंत जागून पहाटे पाचला मैदानावर धावणारा माणूस व्यायामाचा फायदा झोपेतच गमावत असतो.

दुसरे पथ्य आहाराचे. ‘आज व्यायाम नाही, म्हणून जेवण निम्मे’ हा हिशोब चुकीचा ठरतो, कारण दुरुस्तीचे काम याच दिवशी चालू असते. डाळी, उसळी, दूध, दही, अंडी, मासे यांतून प्रथिने आणि भाकरी, पोळी, भातातून ग्लायकोजेन भरून काढणारी पिष्टमय द्रव्ये मिळायला हवीत. उपवासाचा दिवस आणि विश्रांतीचा दिवस एकच ठेवण्याची अनेकांची सोय असते. त्यास हरकत नाही. पण साबुदाण्यात पिष्ट भरपूर आणि प्रथिने नगण्य असतात. त्यामुळे खिचडीत शेंगदाण्याचे कूट सढळ असावे आणि जोडीला दूध किंवा दही घ्यावे. निर्जळी उपवासाच्या दिवशी मात्र जोरकस व्यायाम कटाक्षाने टाळावा.

तिसरे पथ्य मनाचे आहे. विश्रांती घेतली म्हणून अपराधी वाटणे, आजारी असतानाही व्यायाम न सोडवणे, त्यापायी घरच्यांना आणि कामाला दुय्यम स्थान देणे, ही व्यायामाचे व्यसन जडू लागल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी प्रशिक्षकापेक्षा समुपदेशकाचा सल्ला अधिक उपयोगी ठरतो.

शेतकरी जमीन वर्षानुवर्षे पिकवायची म्हणून तिला अधूनमधून पड ठेवतो. शरीराचा हिशोबही एका हंगामापुरता नसतो. चाळिशीत सुरू केलेला व्यायाम सत्तरीतही चालू राहावा, असे वाटत असेल, तर आठवड्याच्या वेळापत्रकात विश्रांतीचा वार आधी लिहावा आणि उरलेले दिवस त्याभोवती आखावेत.